मोहदरीचा रस्ता आणि बारा साहेबांचा शिधा

गुरुवार, २० फेब्रुवारी १९५८. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी पितांबर कौतिक नारखेडे मोहदरीच्या नाल्यापासून गावाकडे चुन्याची फक्की टाकत चालला होता. डाव्या हातात डबा, उजव्या मुठीत फक्की, बगलेत श्रमदानावरची पस्तीस पानांची सरकारी पुस्तिका. रेघ सरळ पडत नव्हती, कारण वाटच सरळ नव्हती. नाल्यापासून गावापर्यंत पाच फर्लांग. या पाच फर्लांगांत त्या दिवसापर्यंत चाक फिरले नव्हते.

पितांबर ग्रामसेवक होता. वय सव्वीस. साक्री तालुक्याच्या पश्चिम टोकाला, जंगलाला लागून असलेल्या सात गावांचा विकास त्याच्याकडे होता. वस्ती भिल आणि कोकणा या आदिवासींची. पितांबर असोद्याचा, घरी केळीची बाग, कपाशी, विहिरीवर इंजिन. त्याचे वडील कौतिक यांना मुलाने सरकारी नोकरी धरली याचे दुःख नव्हते. नोकरीत रोज बारा मैल पायी चालावे लागते याचे होते. एवढे चालायचेच होते तर बागेतच चालायचे, असे त्यांनी पत्रात लिहिले होते. आईने त्याच पत्राच्या कडेला कुणाकडून तरी एक ओळ लिहवून घेतली होती : तिकडे अंघोळीला पाणी मिळते का?

मिळत नव्हते. मोहदरीतच खरे दुखणे तेच होते. फेब्रुवारी लागला की गावालगतचा ओहोळ आटायचा आणि बाया दीड कोसावरच्या डोहातून हंडे आणायच्या, ते थेट पाऊस पडेपर्यंत. म्हणून मोहदरीला विहीर हवी होती आणि जिल्ह्याच्या योजनेत ती मंजूरही होती. योजना धुळ्याला छापलेली होती, पाने एकशे बारा. सत्त्याऐंशीव्या पानावर तळाला : 'मोहदरी. पिण्याच्या पाण्याची विहीर, एक.' पुढे शेऱ्याच्या रकान्यात : 'लोकांच्या श्रमदानातून गाडीरस्ता झाल्यास. मुदत मार्चअखेर.' सिमेंट, सुरुंगाची दारू आणि गवंडी सरकार देणार होते, पण त्यांना गावापर्यंत आणणारी बैलगाडी नाल्याशीच अडायची. मार्चअखेर रस्ता झाला नाही तर विहीर दुसऱ्या गावाला जाणार होती. नोकरी कायम होण्याआधीची पितांबरची दोन वर्षांची उमेदवारीही मार्चअखेरच संपत होती, पण तो मुद्दा योजनेत नव्हता.

ही एक ओळ योजनेत कशी शिरली तेही सांगायला हवे. दोन वर्षांपूर्वी पितांबर गरजांचा फॉर्म घेऊन मोहदरीत आला. फॉर्मवर अठरा गरजा आधीच छापलेल्या होत्या. वाचनालय, रेडिओ, व्यायामशाळा, समाजमंदिर, शोषखड्डे, बिनधुराची चूल वगैरे. गावाने फक्त त्यांना क्रम द्यायचा होता. लोकांनी पहिली गरज सांगितली ती जंगलाच्या शिपायाची बदली. ती छापलेली नव्हती. दुसरी रानडुकरे. तीही नव्हती. मग ताईबाई नावाच्या, साठीच्या पुढच्या बाईने पाणी म्हटले. ते अकराव्या नंबरावर सापडले. पितांबरने त्याच्यापुढे एकचा आकडा घातला आणि उरलेले सतरा आकडे संध्याकाळी साक्रीला खोलीवर बसून स्वतःच्या मनाने भरले. त्यामुळे योजनेप्रमाणे मोहदरीची दुसरी गरज व्यायामशाळा ही होती.

नंतरच्या दोन वर्षांत विहीर सोडून पुष्कळ विकास झाला. गावात बारा शोषखड्डे खणले गेले. सांडपाणी मुरवायला हे खड्डे असतात. ज्या गावात पाणी दीड कोसावरून डोक्यावर येते तिथे सांडत काहीच नव्हते. खड्ड्यांत कोंबड्या अंडी घालू लागल्या. पितांबरने असोद्याहून केळीचे तीस कंद आणून लावले. अठ्ठावीस बकऱ्यांनी खाल्ले, दोन पाटलाच्या अंगणात तग धरून होते. पांढऱ्या सुधारित जातीचे सहा कोंबडे गावठी कोंबड्यांची अवलाद सुधारण्यासाठी आले. ते शाळेमागच्या खुराड्यात राहत, सरकारी दाणे खात आणि पहाटे गावाच्या कोंबड्यांपेक्षा अर्धा तास उशिरा आरवत. दरमहा साक्रीच्या गट कार्यालयात अहवाल जाई. त्यात शेवटचे वाक्य ठरलेले असे : 'लोकांत विकासाची आस्था कमी दिसते.' हे वाक्य पितांबरने सलग बावीस महिने लिहिले होते.

श्रमदानासाठी मात्र त्याने पुस्तिका शब्दशः पाळायची ठरवली. पान नऊ : ग्रामसेवकाने घरोघर जाऊन प्रत्येक कुटुंबास व्यक्तिशः निमंत्रण द्यावे. सोमवारी आणि मंगळवारी तो मोहदरीच्या चौसष्टही उंबऱ्यांवर गेला आणि हात जोडून म्हणाला, गुरुवारी कुदळ-पाटी घेऊन या. लोकांनी विचारले, घरातले किती जण यायचे? पितांबर म्हणाला, सगळे या. हे ऐकून लोकांनी एकमेकांकडे पाहिले आणि त्यांच्या नजरेत त्याच्याबद्दल आदर दिसला. पितांबरला तो पुस्तिकेचा परिणाम वाटला.

पान बावीस : त्याच दिवशी अन्य कार्यक्रमाचे प्रात्यक्षिकही ठेवावे. म्हणून मंगळवारी दुपारी त्याने रस्ता जिथे गावाला मिळणार तिथे, मोहाच्या झाडाखाली, बिनधुराची चूल घातली. मातीची, दोन तोंडांची, मागे पत्र्याचे नळकांडे. मोहदरीतल्या बाया हंडे घेऊन जाता-येता थांबून पाहत.

बुधवारी साक्रीहून शिधा आला. रस्त्याची पाहणी करायला शुक्रवारी धुळ्याहून नियोजन अधिकारी आणि त्यांची मंडळी येणार होती. साहेब, कारकून, दोन ड्रायव्हर आणि एक शिपाई धरून बारा माणसे. बाराजणांसाठी गटविकास अधिकारी लीलाधर नेवे यांनी आठ शेर तांदूळ, दहा शेर गव्हाचे पीठ, चार शेर तुरीची डाळ, दोन शेर गूळ, तुपाचा डबा आणि वांग्यांचे पोते पाठवले होते. नेवेसाहेबांनी बावीस वर्षे महसूल खात्यात काढली होती. पाहणीचा शेरा पंगतीत ठरतो हे त्यांना पाठ होते. शिधा नाल्यापर्यंत गाडीने आणि पुढे चार जणांच्या डोक्यावरून गावात आला आणि शाळेच्या खोलीत ठेवला गेला. तोही सगळ्या गावाने पाहिला.

आता मोहदरीच्या माणसाच्या जागी बसून हिशेब करा. एक माणूस चौसष्ट घरी हात जोडून कामाला बोलावतो. कामाच्या जागी नवी चूल घालतो. आदल्या दिवशी तांदूळ येतो. या भागात याला एकच अर्थ आहे. कुणाचे शेत निंदायचे राहिले, घर शाकारायचे झाले, की तो घरोघर बोलावणे करतो. सगळे आपापली हत्यारे घेऊन येतात, दिवसभर राबतात, मजुरी कुणी घेत नाही, आणि दिवस मावळायला बोलावणारा सगळ्यांना पोटभर जेवू घालतो. देशावर याला इर्जिक म्हणतात. असोद्याच्या केळीच्या बागांत रोजाने माणसे लागतात. इर्जिक पितांबरने पुस्तकातही वाचली नव्हती. पुस्तिकेच्या पस्तीस पानांत जेवणाचा उल्लेख एकदाच होता, तो साहेबांच्या.

गुरुवारी सूर्य वर यायच्या आत माणसे येऊ लागली. पितांबरने आठ वाजता मोजली तेव्हा एकशे त्रेचाळीस भरली. बाया, म्हातारे, कडेवर मूल घेतलेल्या आया. पोलीस पाटील पुना आबा स्वतः पहार घेऊन आला. पन्नाशी ओलांडलेल्या पुना आबाने आयुष्यात चार तऱ्हेचे साहेब पाहिले होते : बंदूकवाले, मोजणीवाले, दारूबंदीवाले आणि आता वहीवाले. वहीवाल्यांबद्दल त्याचे मत अजून पक्के व्हायचे होते.

काम असे झाले की पितांबरने तसे कधी पाहिले नव्हते. पुरुषांनी पहारीने दगड उखडले, बायांनी हातोहात ते कडेला रचले, पोरांनी झुडपे ओढून काढली. त्याच्या फक्कीच्या रेघेकडे कुणी पाहिले नाही. पुना आबाने उताराच्या हिशेबाने रस्ता वळवला आणि पुढे पावसाळ्यात तोच बरोबर ठरणार हे पितांबरलाही कळले. दर थोड्या वेळाने एखादी बाई मोहाच्या झाडाकडे बघायची, शेजारणीला काही सांगायची आणि दोघी मान हलवायच्या. पितांबरने डायरीत नोंद केली : 'बिनधुराच्या चुलीबद्दल स्त्रियांत विशेष कुतूहल.'

साडेचारला रस्ता नाल्याच्या काठाला भिडला. राहिली फक्त नाल्यातली चाळीस पावलांची फरशी, म्हणजे पात्रात दगड बसवून गाडीला करायची वाट. ती उद्या सकाळी, असे ठरले. लोक नाल्यात वरच्या अंगाला उरलेल्या गढूळ डबक्यापाशी गेले, हातपाय धुतले, परत आले आणि मोहाखाली चार रांगा करून बसले. प्रत्येकाने पळसाची पाने आणली होती. ती समोर मांडली.

पितांबरला गहिवरून आले. पान एकतीस : समारोपाचे वेळी आभारदर्शक भाषण करावे. त्याने केले. देश, पंचवार्षिक योजना, घामाचे महत्त्व. पंधरा मिनिटे. लोकांनी शांतपणे ऐकले. भाषण संपले तरी कुणी उठले नाही.

मोहदरीची माणसे आपसात आपली बोली बोलत. पितांबरशी खानदेशीत बोलत, कारण त्यांची बोली त्याला दोन वर्षांत आली नव्हती. पुना आबा रांगेतून जागेवरूनच म्हणाला, "भाऊ, भाषन व्हयनं. आते वाढ."

"काय वाढू?"

"जे रांधेल व्हई ते."

पितांबरने पुना आबाकडे पाहिले, मग एकशे त्रेचाळीस पानांकडे पाहिले. मागच्या रांगेत अभिमन नावाचा तरणा गडी होता. त्याच्या जिभेला गाव ओळखून होते. तो शेजाऱ्याला म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे, "रांधेलच नही शे वाटस. दिनभर धूर दिसना नही. आपले वाटनं, सरकारनी चूलच तशी शे."

रांगांतून हसू फिरले, पण ते पोटभरल्या माणसांचे हसू नव्हते. चूल दिवसभर थंड होती आणि दिवसभर एकशे त्रेचाळीस माणसांनी तिचे कौतुक केले होते. तिच्या आयुष्यातले तेवढे एकच प्रात्यक्षिक शंभर टक्के यशस्वी झाले.

पितांबरने समजावून सांगायचा प्रयत्न केला. श्रमदान म्हणजे दान. रस्ता तुमचा, विहीर तुमची, मग जेवण कुणी कुणाला घालायचे? पुना आबाने सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले : बोलावणे कुणी केले? गावाने केले असते तर गावाने रांधले असते. घरोघर तर पितांबरच फिरला होता. याला पुस्तिकेत उत्तर नव्हते, असलाच तर पान नऊवर पुरावा होता.

मग पुना आबाने नाल्याच्या दिशेला बोट केले. तिथे पात्रात सागाचे तीन ओंडके अर्धे वाळूत रुतून पडले होते. चार वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने लोकांना असेच बोलावून ते वर काढून घेतले आणि संध्याकाळी जेवू न घालता पाठ फिरवली. लोकांनी दुसऱ्या सकाळी ते होते तिथे परत नेऊन ठेवले. त्यात राग नव्हता. "जेवन नही तं काम नही," पुना आबा म्हणाला. "ज्यानी जो दगड उचला, तो तठेच ठी दी."

पितांबरने रस्त्याकडे पाहिले. पाच फर्लांग. हा रस्ता मोडायला, करायला लागला त्याच्या निम्माही वेळ लागला नसता. उद्या दहाला साहेब येणार, रस्ता नाही, म्हणजे विहीर नाही. एवढे त्याला कळले. पण शाळेत पडलेला शिधा त्याला तोवर दिसला नाही. तो ताईबाईला दिसला. ती पहिल्या रांगेत बसली होती.

"शाळामा तांदूय शे ना?" तिने विचारले.

तो साहेबांसाठी आहे, असे पितांबर म्हणाला. बारा साहेब येणार आहेत.

"सायेब लोक काय खंदतस?"

साहेब खणणार नव्हते. पितांबरने खिशातून शाळेची किल्ली काढली आणि तिच्या हातात दिली. त्याच्या नोकरीतला हा एकमेव निर्णय असा, ज्याला कुठल्याच पानाचा आधार नव्हता. ताईबाई किल्ली घेऊन उठली, चार बायांना हाक मारली आणि जाता जाता खुराड्यापाशी थांबली. हे पांढरे कुणासाठी राखले आहेत, म्हणून विचारले. पितांबर म्हणाला, ते सरकारचे, अवलाद सुधारायला.

"दोन सालमा आमनी एकबी कोंबडी त्यासनाकडे गयी नही," ताईबाई म्हणाली आणि खुराड्याची कडी काढली.

पितांबर माळकरी घरातला. तो नाल्यापर्यंत जाऊन आला. सहा वाजून वीस मिनिटांनी मोहदरीतला कुक्कुटविकास कार्यक्रम समाप्त झाला.

बिनधुराच्या चुलीवर मोठे पातेले बसेना, म्हणून अभिमनने पहारीने तिचे तोंड फोडून रुंद केले. नळकांडे काढून ठेवले. त्यानंतर ती भरपूर धुरली आणि उत्तम पेटली. शेजारी तीन दगडांच्या आणखी चार चुली झाल्या. भात, पातळ डाळ, वांग्याची भाजी, गव्हाच्या जाड रोट्या आणि कोंबड्यांचा रस्सा. सहा कोंबडे एकशे त्रेचाळीस माणसांत. रश्शाचा वास मात्र सगळ्यांच्या वाट्याला सारखा आला. साहेबांच्या बारा पानांचा शिधा एकशे त्रेचाळीस पानांना पुरतो, पोटाला थोडी तडजोड करायला लावून का होईना, पण पुरतो. ही माहिती योजनेच्या एकशे बारा पानांत नाही. शेवटी पुना आबाने पितांबरला बळेच रांगेत बसवले. त्याने गूळ-रोटी खाल्ली. गावात येऊन दोन वर्षांत तो मोहदरीत पहिल्यांदाच जेवत होता.

शुक्रवारी सकाळी सहाला कुणाचे बोलावणे नसताना सेहेचाळीस माणसे नाल्यात उतरली. जेवण झाले होते, म्हणजे काम पुरे करणे आता त्यांच्या अंगावर होते. नऊपर्यंत फरशी बसली. ठेकेदाराचे तीन ओंडकेही त्यांनी कडेला आधाराला वापरले. दहा वाजून वीस मिनिटांनी साक्रीकडून दोन जीपगाड्या आल्या आणि न थांबता नाला ओलांडून गावात शिरल्या. मोहदरीत आलेली ही पहिली चाके.

धुळ्याचे नियोजन अधिकारी उंच, चष्मेवाले आणि वक्तशीर होते. त्यांनी रस्ता पावलांनी मोजला, खूश झाले आणि फोटोसाठी सदरा कोपरापर्यंत वर सारून पाच पाट्या माती रस्त्याच्या कडेला टाकली. फोटोग्राफरने तिसऱ्या पाटीला फोटो घेतला. उरलेल्या दोन त्यांनी आपल्या खुशीने टाकल्या. मग ते हात धुऊन जेवणाची वाट पाहू लागले.

पितांबरने पाहुण्यांबरोबर आलेल्या नेवेसाहेबांना शाळेमागे नेले आणि सगळे सांगितले. नेवेसाहेब बारीक अंगाचे, पान खाणारे गृहस्थ. त्यांनी मध्ये एकदाच विचारले, "तूपसुद्धा?" तूपसुद्धा, पितांबर म्हणाला. नेवेसाहेबांनी रिकाम्या खुराड्याकडे पाहिले आणि पुढचे विचारले नाही.

ताईबाईने नागलीच्या भाकरी थापल्या होत्या, सोबत लाल मिरचीची चटणी आणि उडदाची डाळ. साहेबांना भूक लागली होती. नियोजन अधिकाऱ्यांनी तीन भाकरी खाल्ल्या, लोकांच्या साध्या अन्नाची तारीफ केली, आणि कागद मांडीवर घेऊन पुना आबाला समोर बसवले. लोकांना कामाची प्रेरणा कशातून मिळाली, हे त्यांना अहवालात घालायचे होते.

"यानी जेवाडं," पुना आबाने पितांबरकडे बोट करून सांगितले.

नेवेसाहेबांनी डोळे मिटले. नियोजन अधिकाऱ्यांची लेखणी थांबली. त्यांनी पुन्हा विचारले, पुना आबाने पुन्हा तेच सांगितले, आणि वर पदार्थ एकेक करून सांगितले. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. त्यांचे म्हणणे नियमाप्रमाणे बरोबर होते. कामाच्या बदल्यात अन्न म्हणजे मोबदला. मोबदला म्हणजे मजुरी. मजुरीने केलेला रस्ता श्रमदानाचा नव्हे. आणि शेऱ्यात श्रमदान लिहिले आहे. त्यांनी टोपण लेखणीला लावायला घेतले.

पितांबर उभा होता, तो बोलायला पुढे झाला. नेवेसाहेबांनी त्याला हाताने मागे सारले आणि पानाची पिंक बाजूला टाकून आले.

"साहेब, सकाळी आपण पाच पाट्या माती टाकली."

"टाकली. मग?"

"मग भाकरी खाल्ल्या. तीन."

"नेवे, तुम्हाला म्हणायचंय काय?"

"फोटो निघालाय, साहेब. आता यांचं जेवण मजुरी धरलं तर आपलंही धरावं लागेल. हजेरीपटावर आपलं नाव घेऊ का? नाहीतर मग कुणाचंच नको धरायला."

लोकांत मागे उभा असलेला अभिमन काही बोलणार होता. पुना आबाने त्याच्याकडे पाहिले, तो बसला. ताईबाई चौथी भाकरी घेऊन नियोजन अधिकाऱ्यांसमोर उभी होती आणि ती वाढायची की नाही याची वाट पाहत होती. अधिकाऱ्यांनी तिच्याकडे, भाकरीकडे आणि फोटोग्राफरच्या पेटीकडे पाहिले. मग टोपण परत मागे सरकवले आणि सही केली. चौथी भाकरी मात्र त्यांनी घेतली नाही.

फोटो आता साक्रीच्या कार्यालयात टांगलेला आहे. खाली लिहिले आहे : 'मोहदरी येथे श्रमदान करताना.'

पितांबरच्या फेब्रुवारीच्या अहवालात सुधारित कोंबड्यांच्या रकान्यात 'वाटप पूर्ण' असे आहे. बिनधुराच्या चुलीपुढे 'एक. वापरात', हे खरेच आहे, फक्त धुरासकट. आस्थेचे वाक्य त्याने त्या महिन्यापासून गाळले. त्याची उमेदवारी सहा महिन्यांनी वाढवली गेली. कारण कोंबड्यांचे. नेवेसाहेबांनी तो कागद त्याच्या हातात देताना सांगितले की सहाऐवजी दोनच कापले असते तर तीन महिन्यांत भागले असते. वडिलांना त्याने हे कळवले नाही. अंघोळीच्या पाण्याची सोय लवकरच होईल एवढे आईला कळवले.

विहिरीच्या खोदाईचा प्रश्न निघाला तेव्हा पितांबर शहाणा झाला होता. तो कुणाच्याही उंबऱ्यावर गेला नाही. आधी पुना आबाच्या अंगणात, वाचलेल्या दोन केळींपाशी बसून विचारले : विहिरीचे बोलावणे कुणी करायचे? यावर गावात चार दिवस बोलणे चालले. पाणी चौसष्टही घरे पिणार, तेव्हा बोलावणेही चौसष्ट घरांचे. रोज एका घराने दहा खोदणाऱ्यांना जेवू घालायचे, असे ठरले. ताईबाईने एक दुरुस्ती सुचवली. पाणी सरकारही पिणार. वहीवाला येईल, जीपवाले येतील, ते काय तहानेले परत जातील? तेव्हा एक पाळी सरकारची. पासष्टावी. नेवेसाहेबांनी ही पाळी खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली बसवायची ते पाहून सांगतो, म्हणून कळवले आहे. अजून पाहत आहेत.

सिमेंटच्या गाड्या गेल्या शनिवारी नवी फरशी ओलांडून आल्या. गवंडी आला. जागा पुना आबाने दाखवली, ती योजनेच्या नकाशात ज्या ठिकाणी खूण होती तिच्यापासून दोनशे पावलांवर आहे. नकाशातली खूण खडकावर होती. आज मंगळवारी संध्याकाळी पितांबरने तिथे फक्कीने गोल आखला. या वेळी रेघ बरी पडली.

उद्या बुधवार, १२ मार्च. खोदाई सकाळी सात वाजता सुरू होईल. पहिली पाळी ताईबाईच्या घरची. नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ. जेवणाऱ्यांच्या दहा नावांत नववे नाव पितांबरचे आहे, म्हणून पावणेसातला त्याने स्वतःची कुदळ घेऊन हजर राहायचे आहे.